कस्टम म्हणजे वरची पायरी?

महागडे इन-इअर मॉनिटर घेताना एक समज हमखास आडवा येतो: कस्टम म्हणजे वरची पायरी, युनिव्हर्सल म्हणजे तडजोड. तो जरा तपासून पाहू.

मुळात हे स्टेजचं साधन. १९९५ मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वे यांनी व्हॅन हेलन बँडचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी असे मॉनिटर बनवले; त्यातूनच अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ड्रमच्या गदारोळात ते कानातून हलता कामा नयेत आणि बाहेरचा आवाज अडला पाहिजे. हे काम कस्टम आजही चोख करतात.

पण घरी बसून ऐकणाऱ्याचं काय? खर्ज भरदार ऐकू यायला मॉनिटर कानात घट्ट, हवाबंद बसावा लागतो. ते योग्य टिपनेही साधतं. एटिमोटिकचा १९९१चा ईआर-४ रबरी टिप खोल बसवून हेच करत होता.

खरी गोम पुढे आहे. आपण ऐकून पसंत करतो तो बहुधा युनिव्हर्सल नमुना. हाती येतो तो कस्टम. मॉनिटर कानात किती खोल बसतो, त्यावर वरच्या पट्टीचा आवाज बदलतो. म्हणजे एवढे पैसे मोजून आपण न ऐकलेली वस्तू घेतो! पुढे विकायची म्हटली, तर ती दुसऱ्याच्या कानात बसत नाही.

तेव्हा आधी चार टिपा बदलून बघा. तरीही कान दुखतो, मॉनिटर सुटतो, किंवा रोज स्टेजवर उभं राहायचंय, तर कस्टम जरूर घ्या. केवळ ‘वरचं’ म्हणून मात्र नको.