डिकसळचा पूल आणि एक गृहीतक

पुलांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे एक शिडी गृहीत धरली जाते : प्रथम दगडी कमान, नंतर लोखंडी कैचीचा पूल, शेवटी काँक्रीट. जेऊरच्या पश्चिमेस भीमेवर उभा असलेला डिकसळचा जुना रेल्वेपूल या शिडीवर बसत नाही. त्याच्याविषयीचे लेखन मात्र ‘ब्रिटिशकालीन’ या एका विशेषणावर संपते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी पुण्याहून डिकसळपर्यंत आला आणि सुमारे दहा महिने नदीच्या अलीकडेच थांबला. २३ ऑक्टोबर १८५९ रोजी तो भीमा ओलांडून जेऊरवरून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, पोहोचला. वॉरन यांच्या त्रिकोणी कैचीचे पेटंट १८४८ सालचे. तेव्हा लोखंडी पूल ही त्या काळी अज्ञात वस्तू नव्हती. त्याच सुमारास, त्याच मुंबई इलाख्यात, बाँबे बडोदा रेल्वेचे अभियंते कर्नल केनेडी मळसूत्री लोखंडी खांबांवर हेच वॉरन गर्डर उभारीत होते. मग मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या हाताखाली भीमेवर दगडी कमानी का आल्या?

उत्तर प्रगतीच्या पायरीत नसून नदीच्या तळात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. गुजरातेकडील नद्यांची मुखे गाळाची व भरतीची. तेथे खडक हाती लागत नाही. दख्खनात काळा खडक पायालाही मिळतो आणि बांधणीलाही. विलायतेहून लोखंड आणून ते घाट चढवून नेण्याचा खर्च वेगळाच. अर्थात दगड म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे : बोरघाटातील एक मोठा दगडी पूल १८६७ मध्ये कोसळला. उलट भडोचजवळचा नर्मदेवरील पहिला लोखंडी पूल पुरांनी वारंवार मोडला व १८८१ मध्ये तेथे नवा पूल झाला. दोन्ही पक्षांनी आपापल्या चुका केल्या. शिडीच्या इतिहासात मात्र त्या दिसत नाहीत.

यापेक्षा महत्त्वाचा भाग पुढचा आहे. उजनी धरणामुळे लोहमार्ग पारेवाडी-वाशिंबेकडून वळवावा लागला. पुलावरून रूळ गेले. इंदापूरकडील डिकसळ आणि करमाळ्याकडील कोंढार चिंचोली यांना जोडणारी सडक आली. पावसाळ्यात दुथडी वाहणारी आणि उन्हाळ्यात आटणारी नदी गृहीत धरून बांधलेले खांब आता जलाशयात उभे आहेत. भार बदलला, पाणी बदलले. अलीकडे त्याचे काही भाग ढासळले, तेव्हा ‘पूल जुना झाला’ असे म्हटले गेले. वय हे कारण पुरेसे नाही. जो पूल बांधला गेला त्याचे काम आणि जे त्याच्याकडून करून घेतले गेले ते काम, यांतील अंतर कोणी मोजलेले आढळत नाही.

ते मोजायचे तर खांबांचे दगड, त्यांतील चुना व कमानींची मापे पूल उभा आहे तोवरच घेतली पाहिजेत. जलाशय उतरतो त्या उन्हाळ्याच्या दिवसांत हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीलाही करता येईल.