रिकाम्या वाद्यवृंदासमोर

जपानी भाषेत ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दाचे जपानी जिभेवर घडलेले लघुरूप. तेव्हा ‘कराओके’ याचा सरळ अर्थ रिकामा वाद्यवृंद. वाद्ये वाजत आहेत, गायकाची जागा मोकळी आहे, ज्याला ती भरावयाची असेल त्याने भरावी. कोबे शहरातील एक वादक इनोउए दाइसुके यांनी १९७१ साली असे यंत्र तयार करून मद्यगृहांना भाड्याने देण्यास आरंभ केला. त्याचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. कचेरी सुटल्यावर वरिष्ठांसमवेत मद्यगृहात बसणाऱ्या पुरुषांचा हा विरंगुळा होता; गृहिणीला तेथे जागा नव्हती. पुढे १९८५ च्या सुमारास ओकायामा भागात मालवाहू डब्यांचे रूपांतर गाण्याच्या छोट्या खोल्यांत झाले, आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या या खोल्या देशभर पसरल्या. तेथे दिवसाढवळ्या जाता येई, मद्याची सक्ती नव्हती, परका श्रोता नव्हता. पन्नाशीच्या स्त्रिया दुपारी दोघीचौघी मिळून तेथे जाऊ लागल्या आणि आपल्या तरुणपणीची गाणी म्हणू लागल्या. या गाण्यांविषयी चार शब्द लिहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दिल्लीत कचेरी सुटल्यावर मी दोन वर्षे जपानी भाषेच्या वर्गास जात असे. वर्षाखेरीच्या समारंभात आमच्या शिक्षिकाबाईंना गाण्याचा आग्रह झाला. बाई पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी १९७७ सालचे ‘कॉसमॉस’ हे गीत निवडले आणि सुरू करण्यापूर्वी यंत्रावरील कळ दोनदा दाबून स्वर खाली उतरवून घेतला. मूळ गायिकेची पट्टी आता आपल्याला पेलत नाही, याची ती शांतपणे दिलेली कबुली होती. या गाण्यांचे सारे मर्म त्या दोनदा दाबलेल्या कळीत आहे, असे मला आज वाटते.

हे गीत सादा मासाशी या पुरुष कवि-गायकाने लिहिले व स्वरबद्ध केले, त्या वेळी तो पंचविशीत होता. गायिले यामागुची मोमोए हिने, ती अठरा वर्षांची. उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी शरदातल्या एका उबदार दिवशी आईजवळ बसली आहे. आई जुन्या छायाचित्रांची वही उघडून मुलीच्या बालपणीच्या त्याच त्या गोष्टी पुनःपुन्हा सांगते. कसलीही अडचण आली तरी काही काळाने तिचेच हसू येईल, असा धीर देते. आणि सामानाची बांधाबांध चालू असताना अचानक रडू लागते. मुलीची मागणी एवढीच, की आणखी थोडा वेळ मला तुझी मुलगी राहू दे. प्रसंग इतका साधा, की आपल्याकडील कोणत्याही लग्नघरात तो जसाच्या तसा बसेल. मोमोएने १९८० साली एकविसाव्या वर्षी विवाह करून रंगभूमीचा कायमचा निरोप घेतला, त्यामुळे गाण्यातील मुलगी आणि गायिका श्रोत्यांच्या मनात एक होऊन गेल्या.

आता हेच गीत पंचावन्न वर्षांच्या स्त्रीच्या तोंडी घालून पाहावे. शब्द मुलीचे आहेत, परंतु गाणारीचे वय गाण्यातल्या आईचे आहे. ‘मी’ म्हणताना ती चाळीस वर्षांपूर्वीची स्वतः आहे. ‘तू’ म्हणताना कदाचित आज हयात नसलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आहे. आणि तीच ‘तू’ ती स्वतःही आहे, कारण तिच्या मुलीचे सामान आता बांधले जात आहे. पंचविशीतल्या कवीला ही तिसरी छटा अभिप्रेत असेल असे वाटत नाही. ती वयाने गाण्यात घातलेली भर आहे. संहिता तीच राहून अर्थ वाढत जाणे हे आपण श्रेष्ठ काव्याचे लक्षण मानतो. लोकप्रिय गीतालाही ते भाग्य लाभते हे मान्य करण्यास मात्र आपली समीक्षा अद्याप बिचकते.

दुसरे उदाहरण ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’ या १९७७ च्याच गीताचे. शब्द आकु यू यांचे, चाल मिकी ताकाशी यांची, गायिका इशिकावा सायुरी. प्रेमभंग झालेली स्त्री तोक्योच्या उएनो स्थानकातून रात्रीच्या गाडीने निघून बर्फातल्या आओमोरीस उतरते आणि सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या बोटीत चढते. १९८८ च्या मार्चमध्ये समुद्राखालचा सेइकान बोगदा खुला झाला आणि ती नियमित बोटसेवा थांबली. म्हणजे आज हे गीत गाणारी स्त्री ज्या बोटीत चढते ती बोट आता केवळ गाण्यातच चालते. गाण्याने येथे दस्तऐवजाचे काम केले आहे. आगगाडी, फलाट, थंडीत गप्प चालणारी गर्दी यांची नोंद सरकारी अहवालात सापडेल. परंतु त्या फलाटावर उतरताना काय वाटे, याची नोंद येथे आहे.

येथवर स्तुती झाली. आता आक्षेपांकडे वळले पाहिजे, कारण ते खरे आहेत. या गीतांपैकी पुष्कळ गीते पुरुषांनी स्त्रीच्या मुखी घातलेली आहेत. आपल्याला हा प्रकार परका नाही. राम जोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्यांतील विरहिणीही स्त्रीच्या तोंडून बोलते, पण लेखणी शाहिराची आहे. पुरुषाने कल्पिलेली ही स्त्री बहुधा वाट पाहते, झुरते, स्वतःला वाहून देते. तैवानच्या तेरेसा तेंग या गायिकेने १९८६ साली जपानीत गायिलेले ‘तोकी नो नागारे नि मि ओ माकासे’ हे गीत या बाबतीत उल्लेखनीय आहे. त्याच्या नावाचा अर्थच काळाच्या प्रवाहावर देह सोपवून, असा आहे. आराकी तोयोहिसा यांच्या या गीतातील स्त्री प्रियकराच्या रंगात रंगून जाण्यातच धन्यता मानते. आणि त्याच १९८६ च्या एप्रिलपासून स्त्रीपुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा जपानात अंमलात आला! एका वर्षाने जपानी स्त्रीपुढे ठेवलेली ही दोन चित्रे एकमेकींना छेद देणारी आहेत. नोकरी करून, संसार ओढून, सासूसासऱ्यांची सेवा करून थकलेल्या स्त्रीने दुपारच्या वेळी हे समर्पणाचे गीत आळवावे, यात आत्मवंचना नाही काय?

काही अंशी आहे, असे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागेल. ज्या गीतांचे शब्द स्त्रियांचे आहेत त्यांच्याशी तुलना करता हे अधिक उघड होते. आराई युमी हिच्या १९७५ च्या ‘सोत्सुग्यो शाशिन’ या गीतात शाळा सोडतानाचे छायाचित्र काढून बसलेली स्त्री आहे. गर्दीबरोबर आपण बदलत गेलो याची तिला खंत आहे, आणि त्या छायाचित्रातल्या माणसाने आपल्याला अधूनमधून रागे भरावे असे तिला वाटते. नाकाजिमा मियुकी हिचे त्याच वर्षीचे ‘जिदाई’ आजच्या दुःखाला काळाच्या फिरत्या चक्रावर ठेवून त्याचे वजन हलके करते. या दोन्ही गीतांत स्मरण आहे, पण शरणागती नाही. भूतकाळ येथे वर्तमानाची झडती घेतो. केवळ रंजन करणारे स्मरण आणि जाब विचारणारे स्मरण यांतला हा भेद समीक्षकाने सोडता कामा नये.

जपानीत ‘नात्सुकाशी’ असा एक शब्द आहे. जुने गाणे कानी पडताच तो सहज उच्चारला जातो. त्याचे मूळ लळा लागणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. आपल्या ‘हुरहूर’ या शब्दात जे गमावले त्याची टोचणी अधिक आहे. त्या शब्दात जे लाभले होते त्याची ऊब अधिक आहे. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे समर्पणाचे गीत गाणारी स्त्री त्या समर्पणाकडे परत जाऊ इच्छिते असे समजण्याची घाई आपण करणार नाही. जिच्या अंगी ते स्वप्न एके काळी होते त्या मुलीचा तिला लळा आहे, एवढेच खरे. आमच्या बाईंनी पट्टी खाली घेतली ती यासाठीच. तरुणपणाची नक्कल करण्याचा हट्ट असता तर त्या मूळ स्वरातच किंचाळल्या असत्या.

जात्यावरच्या ओवीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. तीही श्रोत्यांसाठी नव्हती, तीही घरकामातून उमटलेली होती. परंतु साम्य ताणू नये. ओवी बाईची स्वतःची रचना होती. कराओकेचे गीत बाजाराने घडवून दिलेले आहे. बाईचे स्वतःचे तेथे काय असते? फक्त स्वर आणि वय. तेवढ्यावर ती परक्याचे शब्द आपले करते.

जाता जाता एक कबुली. गतवर्षी आमच्या वसाहतीतील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कार्यक्रमाची यादी माझ्याकडे होती. शेजारच्या काकूंनी एक जुने भावगीत कराओकेवर म्हणण्यासाठी नाव दिले. वेळ थोडा, भाषणे बरीच. मी त्यांना एकच कडवे म्हणावयास सांगितले. त्या काही न बोलता एक कडवे म्हणून खाली उतरल्या. त्या गाण्यातून त्या कोणत्या गावी, कोणत्या अंगणात जाऊ पाहत होत्या हे मी विचारले नाही. बदलीच्या नोकरीत आपण पुरुष गाव सोडतो ते निदान हुद्द्यासाठी; आपल्यामागून येणाऱ्या स्त्रीला त्याचा मोबदला कोणत्याही वेतनश्रेणीत मिळत नाही. परक्या देशाची गाणी समजून घेण्यात मी दोन वर्षे घालविली आणि शेजारच्या गाण्याला तीन मिनिटे दिली नाहीत. यंदा यादी पुन्हा माझ्याकडेच आहे. काकूंचे नाव मी सर्वांत वर लिहिले आहे, आणि त्यापुढे वेळेचा रकाना कोरा ठेवला आहे.