वाघोलीचे दोन निळे

पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी मुळात खडीच्या. पण तिथला बेसॉल्ट फोडताना पोकळ्यांतून जे निळं निघालं, त्याने खनिजसंग्राहकांच्या जगात वाघोलीचं नाव झालं. पांढुरक्या स्टिलबाइटवर बसलेला तो गडद निळा गोंडा म्हणजे कॅव्हनसाइट. त्याच खाणींत, पण क्वचित, त्याचा सख्खा भाऊही सापडतो : पेंटॅगोनाइट. दोघांची पहिली ओळख मात्र अमेरिकेतल्या ओरेगनच्या खडकांत पटली आणि १९७३ साली त्यांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं.

रासायनिक सूत्र दोघांचं तंतोतंत एकच. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाण्याचे चार रेणू. कठिनता ३ ते ४, चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठावा इतपत. विशिष्ट गुरुत्व सव्वादोनच्या आसपास, चमक काचेची. इथवर निवाडा होत नाही. फरक आहे तो आतल्या मांडणीत : सिलिकेच्या चतुष्फलकांची कडी कॅव्हनसाइटच्या थरांत चार-चारांची आणि आठ-आठांची, पेंटॅगोनाइटच्या थरांत सहा-सहांची.

हा फरक बाहेर कसा उमटतो, ते भिंग घेऊन पाहावं. कॅव्हनसाइटची पाती एका बिंदूतून चहूकडे फुटतात आणि गोळा धरतात; गोळा फुटला तर आतले किरण मोजता येतात. पेंटॅगोनाइट बहुधा सडसडीत काड्यांनी येतो. त्याची काडी टोकाकडून पाहिली, तर नमुना चांगला असल्यास छेदात पाच टोकांची चांदणी दिसते. स्फटिकाच्या घडणीत पाचपदरी सममिती बसतच नाही, हे पुस्तकात शिकलेल्या माणसाला इथे क्षणभर दचकायला होतं. कोडं साधं आहे : ती एक काडी नव्हे, फिरत फिरत एकमेकांना जुळलेले पाच स्फटिक आहेत. त्यांच्यामधल्या खाचा काडीच्या अंगावर लांबवर उतरतात. लोक गोंड्यावर भाळतात, भाळोत बापडे. मला या काडीतली रेखीव शिस्त जास्त भावते.

पण खरी मौज ध्रुवित प्रकाशातच. कॅव्हनसाइटचे तीन अपवर्तनांक १.५४२, १.५४४ आणि १.५५१, पेंटॅगोनाइटचे १.५३३, १.५४४ आणि १.५४७. मधला आकडा दोघांचा एकच! फक्त कॅव्हनसाइटमध्ये तो खालच्याला चिकटून बसला आहे आणि पेंटॅगोनाइटमध्ये वरच्याला. तेवढ्यानेच पहिला प्रकाशीय दृष्ट्या धन ठरतो, दुसरा ऋण. द्विअपवर्तनही पहिल्याचं ०.००९, दुसऱ्याचं ०.०१४.

आणि निळाई? ती व्हॅनेडियमची, पण स्फटिकात सगळीकडे सारखी नाही. दोन्ही खनिजांत त्या मधल्या, १.५४४च्या, दिशेने कंप पावणारा प्रकाशच निळा होऊन बाहेर पडतो; उरलेल्या दोन दिशांना स्फटिक जवळजवळ बिनरंगी असतो. सूक्ष्मदर्शकाखाली एकच ध्रुवक ठेवून मंच फिरवला, की डोळ्यांदेखत निळा रंग ओसरतो, पाव फेरीत काच उरते आणि पुढच्या पाव फेरीत निळा परत भरतो. हातात धरलेल्या नमुन्याचा तो भरजरी निळा म्हणजे वेडेवाकडे पडलेल्या असंख्य पात्यांची बेरीज असते.

दुर्मीळ म्हणून पेंटॅगोनाइटला मान मोठा, त्यामुळे कॅव्हनसाइटच्या लांबट पात्यांना त्याची चिठ्ठी लावण्याचा मोह होऊ शकतो. शंका आलीच तर नमुन्याचा कणभर तुकडा पुरतो. १.५३८ अपवर्तनांकाच्या तेलात तो बुडवून ध्रुवित प्रकाशात फिरवावा. कॅव्हनसाइटचा अपवर्तनांक कुठल्याही दिशेला तेलाच्या खाली उतरत नाही. पेंटॅगोनाइटचा एका दिशेला उतरतो.