अंधारातील श्रवण आणि रडारची उपमा : डोनाल्ड ग्रिफिन यांच्या ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक

वटवाघूळ अंधारात भक्ष्य कसे शोधते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील अध्यापनात बहुधा एका वाक्यात दिले जाते : वटवाघळाजवळ निसर्गदत्त रडार असते. या उत्तरामागे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन (१९१५–२००३) यांचे संशोधन आहे. १९५८ मध्ये येल विद्यापीठाने प्रकाशित केलेला त्यांचा 'लिसनिंग इन द डार्क' हा ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याच्या आधाराने रूढ झालेल्या उपमेच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्रंथाचे सामर्थ्य

ग्रिफिन विषयाची मांडणी इतिहासापासून करतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील स्पालान्झानी यांनी दृष्टिहीन केलेली वटवाघळेही अडथळे टाळून उडतात असे दाखविले. जिनिव्हाच्या ज्युरिन यांनी कान बंद केल्यास ती धडपडतात हे सिद्ध केले. तरीही क्युव्हिए यांच्या अधिकारवाणीमुळे स्पर्शज्ञानाचे स्पष्टीकरण दीर्घकाळ टिकले, कारण वटवाघळाचा आवाज माणसाला ऐकूच येत नव्हता. १९३८ मध्ये ग्रिफिन यांनी पिअर्स यांच्या उपकरणाने हे श्राव्यातीत ध्वनी टिपले आणि कोडे सुटू लागले. पुराव्याला प्रतिष्ठेपुढे किती काळ थांबावे लागते, हे या इतिहासातून प्रत्ययास येते.

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग शिकारीचा आहे. प्रयोगशाळेत प्रतिध्वनीचे कार्य अडथळे टाळण्यापुरते वाटत होते. उघड्यावर शिकार करणाऱ्या वटवाघळांचे आवाज टिपल्यावर मात्र वेगळेच चित्र दिसले. एरवी सेकंदाला सुमारे १० वेळा होणारा उच्चार कीटक जवळ येताच वाढत जातो व अखेरच्या क्षणी १५० ते २०० पर्यंत पोहोचतो. एक मीटर अंतरावरील वस्तूचा प्रतिध्वनी सुमारे ६ सहस्रांश सेकंदात परततो. अंतर कमी होते तशी ही प्रतीक्षा घटते आणि नवी माहिती अधिक त्वरेने मिळविता येते.

कीटकांच्या पंखांचा आवाजच वटवाघूळ ऐकत असेल, ही शंकाही ग्रिफिन यांनी तपासली. १९६० मध्ये वेब्स्टर व मायकेल यांच्यासह केलेल्या प्रयोगांत, पंखांचा आवाज बुडून जाईल असा कमी वारंवारतेचा गोंगाट केला असतानाही वटवाघळे फळमाश्या पकडत राहिली. प्रतिध्वनीची भूमिका यामुळे निर्विवाद ठरली.

उपमेच्या मर्यादा

ग्रिफिन यांनी १९४४ मध्ये या क्षमतेला दिलेले नाव ज्या लेखातून पुढे आले, त्याच्या शीर्षकात आंधळी माणसे, वटवाघळे व रडार एकत्र आहेत. तो महायुद्धाचा काळ होता. रडार रेडिओलहरींवर चालते, ध्वनीवर नव्हे, हा तांत्रिक भेद गौण मानला तरी मूळ अडचण उरतेच. रडारच्या चित्रात लहरी सोडणारा व ऐकणारा एकच असतो; भक्ष्य हे केवळ लक्ष्य असते.

पुढील संशोधनाने हे चित्र अपुरे ठरविले. पनामातील ट्रॅकॉप्स हे वटवाघूळ बेडकांच्या डरावण्याचा माग काढते, हे टटल व रायन यांनी १९८१ मध्ये दाखविले. मादीला साद घालणारा बेडूक त्याच आवाजाने शत्रूलाही बोलावतो. भारतातील मेगाडर्मा लायरा या मोठ्या कानांच्या वटवाघळाविषयी मदुराई येथे मारिमुथू व नॉयवायलर यांनी केलेल्या प्रयोगांत (१९८७) बेडकाच्या हालचालीचा आवाज हीच शिकारीची मुख्य खूण ठरली.

भक्ष्यही बहिरे नसते. अनेक पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकणारे कान असतात. रोडर व ट्रीट यांनी अभ्यासिलेल्या पतंगांच्या प्रत्येक कानात श्रवणाच्या अवघ्या २ चेतापेशी असूनही सुटकेसाठी त्या पुरतात. बर्थोल्डिया पतंग तर स्वतःच आवाज करून वटवाघळाचे प्रतिध्वनी-ज्ञान विस्कळीत करतो, हे २००९ मध्ये सिद्ध झाले.

याचा दोष संपूर्णतः ग्रिफिन यांना देणे अन्यायाचे होईल. उडते कीटक टिपणाऱ्या मोजक्या जातींचे उत्तर त्यांच्या वाचकांनी सर्व वटवाघळांना लागू केले. आज १४०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. आपल्याकडे वडा-पिंपळावर लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळे तर प्रतिध्वनीचा वापरच करीत नाहीत. ती डोळे व नाक यांवर विसंबतात. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पाहिलेले वटवाघूळच पाठातील विधानाला छेद देते, ही गोष्ट अध्यापकांनी गंभीरपणे घ्यावयास हवी.

समारोप

ग्रिफिन यांचे प्रयोग आजही ग्राह्य आहेत. पुनर्विचार हवा तो उपमेचा. ग्रंथाच्या शीर्षकातील 'श्रवण' हा शब्द रडारपेक्षा अधिक व्यापक व अधिक अचूक आहे. आपल्या हाकेचा प्रतिध्वनी ऐकणे, भक्ष्याची चाहूल ऐकणे आणि भक्ष्याने शत्रूला ऐकणे ही तिन्ही अंगे त्यात सामावतात. अध्यापनात तोच शब्द केंद्रस्थानी ठेवल्यास शिकार ही यंत्राची क्रिया न वाटता दोन जिवांमधील संघर्ष म्हणून विद्यार्थ्यांना उमजेल.