शाकारणी : छोट्या रेल्वेभोवतीच्या गावाविषयी

मागल्या खेपेला आपण अनुकरणाविषयी बोलत होतो. शेवटी एका तरुण श्रोत्याने विचारलं, ‘सर, घरात छोटी रेल्वे मांडणारे लोक तिच्याभोवती डोंगर, पूल, स्टेशनं, घरं बनवतात. ती कला म्हणायची की खेळ?’ सभागृहात थोडा हशा झाला, आम्हीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र वाटलं, की या प्रश्नात हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणून आज त्याच विषयावर. आणि आज आगगाड्यांबद्दल जवळजवळ काही बोलायचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बोलायचं ते गाडीभोवतीच्या मुलखाबद्दल.

आपल्याकडे कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी खूळ आहे. तसं नाही. दिवाळीत दगड-विटा रचून, वर ओलं पोतं टाकून, चिखल लिंपून आपण किल्ला केलाच आहे. अळीव पेरून हिरवळ उगवली आहे. त्या किल्ल्यात महाराज तटापेक्षा उंच असतात आणि मावळा दारातून आत जाऊ शकत नाही. त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण तिथे आकार ठरतो तो मानावरून, मोजमापावरून नाही. ज्याचा मान मोठा तो मोठा. रेल्वेवाल्याला ही मुभा नाही. त्याने एकदा प्रमाण ठरवलं, समजा ‘एचओ’, म्हणजे ८७ पट लहान, की स्टेशनमास्तर आणि हमाल एकाच मापाने लहान व्हायला हवेत. असं त्याचं म्हणणं असतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

कर्जत ते लोणावळा हे लोहमार्गाने २८ किलोमीटर. ८७ने भागा : ३२२ मीटर. कुणाच्या दिवाणखान्यात बसणार? आपल्या ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या साधारण १७५ मीटरांच्या खाली नेत नाहीत. म्हणजे नमुन्यात दोन मीटर. गाडी नुसती अर्धवर्तुळ वळवायची तर चार मीटर रुंद खोली हवी. म्हणून लोक ४५ सेंटिमीटरांच्या त्रिज्येवर रूळ वळवतात. ते वळण खऱ्या जगात भरेल ३९ मीटर, आणि त्यावरून कुठलीही एक्सप्रेस जाणार नाही. हे खोटं डोळ्यांना खुपू नये म्हणून वळणावर डोंगर ठेवतात आणि डोंगरात बोगदा. छोट्या रेल्वेत एवढे बोगदे का असतात, याचं उत्तर भूगोलात नाही, ते खोलीच्या भिंतींत आहे.

म्हणजे प्रमाणाची शपथ घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी ती मोडतो. इथे आम्हाला प्लेटो आठवतो. ‘सॉफिस्ट’ या संवादात त्याने प्रतिकृती करण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, मूळ वस्तूची लांबी, रुंदी, खोली जशीच्या तशी राखणारा. दुसरा, बघणारा जिथे उभा आहे तिथून ठीक दिसावं म्हणून मापं बदलणारा. उंच पुतळ्याचं डोकं खालून बारीक दिसतं, म्हणून शिल्पकार ते मुद्दाम थोडं मोठं करतो. प्लेटोला हा दुसरा माणूस संशयित वाटतो. रेल्वेवाले मात्र दोन्ही पंथांत विभागले गेले आहेत, आणि दोन्ही पंथांना थोर माणसं मिळाली आहेत.

दुसऱ्या पंथाचे जॉन ॲलन. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथले, पेशाने छायाचित्रकार. घराच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टरचे कडे आणि दऱ्या उभ्या केल्या. आरसे अशा खुबीने लपवले की दरी दुप्पट लांब वाटावी. दूरची घरं मुद्दाम आणखी लहान प्रमाणात केली. नव्याकोऱ्या इमारतींना शाईचा, खडूच्या भुकटीचा हात देऊन ऊन-पाऊस सोसल्याचं रूप देणं, हे ज्यांनी या छंदात रुजवलं त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. रेल्वेचं नाव ‘गॉर अँड डॅफेटिड’, इंग्रजीत मोठ्याने म्हटलं की ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असं ऐकू येतं. यार्डात डबे ढकलायला इंजिनाऐवजी एक डायनासोर ठेवलेला. विनोदी माणूस! जानेवारी १९७३मध्ये ॲलन वारले आणि दहाच दिवसांत आग लागून ते सगळं गेलं. उरली ती छायाचित्रं. आमच्या मते ही शोकांतिका आहे, पण थोडी चमत्कारिक. कारण ते जग बांधलंच होतं एका विशिष्ट जागी ठेवलेल्या डोळ्यासाठी, आणि त्या डोळ्याला काय दिसलं ते शिल्लक आहे.

पहिल्या पंथाचं तीर्थक्षेत्र इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनम या खेड्यात आहे : पेंडन म्युझियम. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड. आडनावच इंग्लंड, आणि गृहस्थ ऑस्ट्रेलियाचे! १९२५च्या सुमारास ते इंग्लंडात शिकायला आले आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यातल्या गवताने शाकारलेल्या जुन्या घरांच्या प्रेमात पडले. मग डोळ्यांदेखत ती घरं बदलू लागली. गवत उतरून वर ॲस्बेस्टॉस चढताना त्यांनी पाहिलं आणि ठरवलं, की जाण्याआधी ही घरं मोजून, तंतोतंत लहान करून ठेवायची. संग्रहालय सुरू झालं १९५४ मध्ये. प्रमाण फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७६ पट लहान. घरं पुठ्ठ्याची. विटा एकेक कोरलेल्या आणि जलरंगाने एकेक रंगवलेल्या, कारण शेजारशेजारच्या दोन विटा एका रंगाच्या नसतात. छपराला नळजोडणीवाले आट्यांवर गुंडाळतात तो ताग. परसात कोबीच्या ओळी. एकेका घरामागे महिनोन्‌महिने, कधी वर्षं.

आम्ही तिथे एकदाच गेलो. काचेपाशी बराच वेळ उभे राहिलो. बरोबरची मंडळी चहाला गेली तरी आम्ही तिथेच. एवढं नितळ काम आम्ही क्वचितच पाहिलं आहे. आता त्यावर टीका करायची म्हणजे धारिष्ट्यच. पण टीकेच्या लायकीचंच काम आहे ते.

पहिली गोष्ट बारीक. इतक्या काटेकोर ठिकाणीही रुळांमधलं अंतर १८ मिलिमीटर आहे. हिशेबाने ते पावणेएकोणीसच्या किंचित वर यायला हवं. स्विंडन ते डिडकॉट हा खोऱ्यातला लोहमार्ग सुमारे ३९ किलोमीटर. ७६ने भागला तरी अर्धा किलोमीटर उरतो. तेव्हा तोही छाटला. आणि ज्या गावात ही घरं उभी आहेत ते गाव नकाशावर नाही. घरं खरी, वेगवेगळ्या खेड्यांतली, पण त्यांचा शेजार रचलेला. खऱ्या घरांचं खोटं गाव. प्लेटोच्या दोन प्रकारांतली भिंत पेंडनमध्येही टिकत नाही, एवढंच यातून निघतं. आम्ही त्याला दोष म्हणत नाही.

दुसरी गोष्ट मोठी आहे, आणि ती सांगायला आमच्या घरची हकिकत सांगावी लागते. आमचं कोकणातलं घर नळ्याच्या कौलांचं. दरवर्षी मृगाआधी ते शाकारायचं : कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, खालच्या रिपा बघायच्या, पुन्हा वळचणीपासून वर आढ्याकडे लावत जायचं. वानरं पुन्हा फोडणार ती फोडणारच. आम्ही पुण्याला नोकरीला लागल्यावर एका उन्हाळ्यात घरी गेलो, तर छपरावर सिमेंटचे पत्रे. आम्ही संतापलो. सौंदर्य, परंपरा वगैरे बोललो. तेव्हा नुकतीच डॉक्टरेट झाली होती, शब्दांची टंचाई नव्हती. वडील ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘पुण्याहून येऊन छप्पर बघणं निराळं, नि मेच्या अखेरीला त्यावर चढणं निराळं. तू येतोस का चढायला?’ पुढच्या वर्षी आम्ही गेलो नाही.

पेंडनच्या काचेपाशी आम्हाला हे आठवत होतं. ज्या कुणी गवत काढून ॲस्बेस्टॉस घातलं, त्याचं काय? विसाव्या शतकातली विशी-तिशी इंग्लंडच्या शेतकऱ्याला मंदीची गेली. शाकारणाऱ्याला पैसे द्यायचे, आगीची धास्ती बाळगायची, आणि परगावचा पाहुणा येऊन म्हणणार, किती सुंदर! छप्पर सुंदर आहे की नाही हे पाहुण्याने ठरवलं; ते राहील की जाईल हे पावसाने ठरवलं. आणि पाऊस तर या नमुन्यात पडूच शकत नाही. हे कारागिराचं अपयश नाही, हा पदार्थाचा धर्म आहे. पाणी प्रमाणात लहान होत नाही. थेंब लहान केला तरी पृष्ठताण तोच राहतो. ७६ पट लहान गावात खरं पाणी ओतलं तर ते ओघळत नाही, फुगीर थेंब होऊन बसतं. म्हणून नमुन्यातली नदी व्हार्निशची नाहीतर राळेची असते, आणि रुळांखालची खडी चिकटवताना फेव्हिकॉलच्या पातळ पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकावा लागतो. नाहीतर डिंक खडीत शिरत नाही, वरच गोळा होतो. जिथे पाऊस नाही तिथे छपराला काम नाही. आम्ही काचेपलीकडे पाहत होतो ती छपरं बिनकामाची होती. ती का होती आणि का गेली, याचं कारणच त्या जगाच्या बाहेर राहिलं होतं. चहा पिताना आमचं मत जवळजवळ असं झालं होतं, की हे एक फार मोठं आणि फार प्रामाणिक स्मरणरंजन आहे.

हे मत पुढे आम्हाला बदलावं लागलं. कशामुळे, तर छपराला ताग लावतात कसा, हे कळल्यावर. छोटी छपरं करणारे तागाच्या लहान लहान जुड्या करतात, पहिली रांग वळचणीला चिकटवतात, मग तिच्यावर अर्धवट येईल अशी दुसरी, असं करत आढ्याकडे चढतात. उलट, वरून खाली केलं तरी चिकटलं असतं. पाऊस नाही, तेव्हा गळायचा प्रश्न नाही. पण मग ते छप्पर दिसत नाही, नुसता तागाचा पुंजका दिसतो. खऱ्या शाकारणाऱ्याला तो क्रम पावसाने शिकवला : पाणी वरच्या थरावरून खालच्या थरावर उतरावं म्हणून खालून वर. आमचे वडीलही कौलं तशीच लावत. म्हणजे पाऊस त्या नमुन्यात आलाच आहे, पाणी होऊन नव्हे, हाताचा क्रम होऊन.

आपल्या शंकुकाचा चित्रतुरगन्याय इथे उपयोगी पडतो. चित्रातला घोडा बघताना जे ज्ञान होतं ते ‘हा घोडा आहे’ असं खरं ज्ञान नाही, भ्रम नाही, संशय नाही, ‘घोड्यासारखं आहे’ एवढं नुसतं सादृश्यही नाही; ते पाचवंच काही आहे, असं त्याचं म्हणणं. अभिनवगुप्ताने हे मत नोंदवलं आणि पुरेसं झोडपलंही. नटाच्या बाबतीत ते झोडपणं योग्य असेल. छोट्या घराच्या बाबतीत मात्र आम्हाला शंकुकाकडे थोडं वळावंसं वाटतं, एका दुरुस्तीसह : ते पाचवं ज्ञान मापातून येत नाही, ते घडवण्याच्या क्रमातून येतं.

आता या दृष्टीने इतर रेल्वे बघा. बहुतेक ठिकाणी आधी रूळ टाकतात आणि उरलेल्या जागी डोंगर कोंबतात. कामाचा क्रम तसाच असावा लागतो, त्याला इलाज नाही. पण बघणाऱ्याला उलटा क्रम दिसायला हवा : आधी दगड, मग ओढा, मग ओढ्याने कापलेली वाट, मग त्या वाटेवरचं गाव, आणि सगळ्यात शेवटी गावाच्या परसातून घुसलेली रेल्वे. जॉन अहर्न नावाचे विमा व्यवसायातले एक इंग्रज गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक खोरं-रेल्वे बांधत होते. ती आता पेंडनमध्येच ठेवली आहे. तिची घरं पेंडनच्या घरांपुढे जाडीभरडी दिसतात. तरी तिथे गाव आधी होतं आणि रेल्वे नंतर आली, हे एका नजरेत कळतं. आमचा कौल विचाराल तर, घर पेंडनचं आणि गाव अहर्नचं. ॲलनच्या कड्यांतही हा क्रम आहे; फोटोंत खडकाचे थर आधी दिसतात, त्यांना फोडून काढलेला रूळ नंतर. आरसे वापरूनही तो माणूस खोटा वाटत नाही तो यामुळे.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे, तुमच्यातले पुष्कळजण मुलांना, नातवंडांना घेऊन जाऊन आले असाल. दिवे मंद होऊन तिथे रात्र होते तेव्हा मुलं गप्प होतात. पुढच्या वेळी गाड्या धावत असताना मुलांना गाड्या बघू द्या. तुम्ही घरांकडे बघा.

रॉय इंग्लंडबद्दल एक सांगायचं राहिलं. स्मरणरंजन हा शब्द आम्ही मागे घेतला, पण आक्षेप सगळा मागे घेतलेला नाही. ॲस्बेस्टॉस घालणाऱ्याची बाजू त्या गावात अजून नाही. कुणी आपल्याकडचं एखादं नॅरोगेज स्टेशन, समजा कुर्डुवाडी-बार्शी बाजूचं, त्याच्या मागल्या वस्तीसकट करायला घेतलं, तर कौलारू घरांच्या ओळीत एक पत्र्याचं घर जरूर ठेवावं. पत्र्यावर वारा अडवायला ठेवलेले दगडही. ते दगड करायला सोपे आहेत, खरेच खडे चालतात.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या बाईंनी केव्हाचा हात वर केला आहे.