बँकॉकची बॅग, कारंज्याचं सोयाबीन आणि गीर्ट्झचा पाच पानी पेपर

मागच्या वर्षी एका परिषदेसाठी बँकॉकला गेलो होतो. माझा पेपर वाचून झाला, शनिवार मोकळा होता, म्हणून चातुचाक बाजारात शिरलो. एक कापडी बॅग आवडली. दुकानातल्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर ६०० दाबून माझ्यापुढे धरला. मी ३०० दाबले. त्या ५०० वर आल्या, मी ३५० वर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण काही अडलं नाही. आमच्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, त्याचीच आठवण झाली. शेवटी ४०० बाहतला सौदा पटला, वर एक की-चेन मिळाली. मी खूश! आणि पुढच्याच गल्लीत तीच बॅग, २५० ची चिठ्ठी लावून टांगलेली.

त्या रात्री मी क्लिफर्ड गीर्ट्झचा बाजारावरचा पेपर पुन्हा काढला. १९७८ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आलेला, जेमतेम पाच पानांचा. पेटच्या तयारीत असाल तर आवर्जून वाचा. मानववंशशास्त्रज्ञ अर्थशास्त्रज्ञांच्या घरात जाऊन त्यांच्याच भाषेत कसा बोलतो, हे त्यात दिसतं. पण वाचून मान डोलवायची नाही, भांडायचं. आज तेच करू.

आधी पेपर काय म्हणतो ते. गीर्ट्झने मोरोक्कोतल्या सेफ्रू या गावाचा बाजार अभ्यासला. त्याचं म्हणणं असं की अशा बाजारात खरी टंचाई असते ती माहितीची. माल कसा आहे, चालू भाव काय, समोरचा किती खरा, हे कुणालाच पुरतं माहीत नसतं. म्हणून बाजारातला माणूस सतत माहिती शोधत असतो. त्यासाठी त्याच्याकडे दोन मुख्य साधनं असतात. एक, ठरलेल्या दुकानदाराशी कायमचं गिऱ्हाईकपण. दोन, घासाघीस. म्हणजे घासाघीस ही खोड नाही की नाटकही नाही, ती माहिती काढण्याची पद्धत आहे.

शोध दोन तऱ्हांनी घेता येतो. दहा दुकानं फिरून भाव विचारायचा, किंवा एकाच दुकानात बसून खोलात जायचं. वस्तू एकसारख्या असतील तर फिरावं, प्रत्येक वस्तू वेगळी असेल तर खोलात जावं. बैल घेताना दात, खूर, चाल बघत तासभर एकाच बैलापाशी उभं राहणं शहाणपणाचं, कारण दुसरा बैल हा दुसराच बैल असतो. माझी बॅग मात्र कारखान्यातून आलेली, शेकड्यांनी सारखी. मी बॅगेपाशी बैलासारखा उभा राहिलो. परदेशात खरेदी करणाऱ्या बहुतेकांची हीच चूक होते. ‘निम्म्यापासून सुरुवात करा’ हा सल्ला सगळे देतात, पण आधी चार दुकानं फिरा, हे कुणी सांगत नाही.

इथवर पेपर चोख काम करतो. आता भांडण.

पुढच्या आठवड्यात मी घरी कारंज्याला आलो. बाबांनी यार्डात सोयाबीन नेलं होतं. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, आणि बाजार त्याच्या बराच खाली. हर्रास झाली, भाव पुकारला गेला. नंतर खरेदीदाराने मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा काढला, काडीकचरा काढला. गीर्ट्झ म्हणतो तसंच: पुकारलेला भाव हलत नाही, बाकीचं सगळं हलतं. माझ्या की-चेनसारखं, फक्त उलट्या दिशेने.

मी बाबांना म्हटलं, मोबाइलवर सगळ्या बाजारांचे भाव दिसतात, मग एवढ्या कमीत काऊन दिलं? ते म्हणाले, “भाव त मलेही मालूम होता. माल वापस नेला असता त ट्रॅक्टरचं भाडं कोन देईन?”

हे एक वाक्य त्या पाच पानांना भारी आहे. माहिती मला नव्हती, बाबांना होती. तरी मी केव्हाही उठून जाऊ शकत होतो आणि ते जाऊ शकत नव्हते. बॅगेवाचून माझं काही अडत नव्हतं. बाबांना उधारी फेडायची होती आणि रब्बीचं बियाणं घ्यायचं होतं. घासाघिशीत कोण किती खेचेल हे माहितीएवढंच उठून जाण्याच्या सोयीवर ठरतं. अर्थशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. जॉन नॅशच्या १९५० च्या पेपरात सौदा फिसकटला तर कुणाच्या हातात काय उरतं, हे हिशेबात आहे. एरियल रुबिनस्टाइनने १९८२ मध्ये दाखवलं की ज्याला थांबता येतं त्याला मोठा वाटा मिळतो. गीर्ट्झचा सगळा भर मात्र माहितीवर राहतो.

कायमच्या गिऱ्हाईकपणाबद्दल तर तो आणखी पुढे जातो. दोघांच्या पैशात, पतीत कितीही फरक असो, हे नातं दोन्ही बाजूंनी सारखं असतं, यात मालक-चाकर नसतात, असं तो म्हणतो. सेफ्रूत असेल तसं. पण ज्या अडत्याकडून पेरणीला उचल घेतली त्याच्याकडेच माल न्यावा लागतो, तेव्हा ते नातं सारखं कसं? आणि हे कारंजाच का बोलतंय, तर भारतातला पहिला नियंत्रित बाजार इथलाच. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने इथला कापूस बाजार नियमनाखाली आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस रास्त भावात हवा होता. म्हणजे बाजार ‘उघडा’ करण्याची घाई कुणाला होती, हाही सत्तेचाच प्रश्न. माहिती उघडी करून जवळजवळ १४० वर्षं झाली, ट्रॅक्टरच्या भाड्याचा प्रश्न तिथेच आहे.

आता माझ्याच टीकेवर टीका. एक बॅग आणि एक बाप म्हणजे पुरावा नव्हे. गीर्ट्झने सेफ्रूबद्दल बोलायचं म्हटलं होतं, कारंज्याबद्दल नाही. शिवाय पाच पानांत न मावलेलं बरंच त्याच्या १९७९ च्या दीर्घ निबंधात आहे. तो न वाचता ‘गीर्ट्झ चुकला’ असं प्रबंधात लिहाल तर व्हायव्हात पकडले जाल.

पण यातून प्रश्न मात्र तयार होतो. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना चालते. माल गोदामात ठेवायचा, त्यावर कर्ज घ्यायचं, भाव आला की विकायचं. म्हणजे विकत मिळालेली थांबण्याची सोय. भाव सारखाच माहीत असलेले दोन गट घ्या, एक तारण ठेवणारा, एक त्याच दिवशी विकणारा. दुसऱ्या गटाला कमी मिळत असेल तर माहितीचा सिद्धांत अपुरा ठरेल. फक्त एक सांभाळा: तारण ठेवणारे मुळातच जरा बरे असतील, तर फरक योजनेचा की आधीच्या ऐपतीचा? हे सोडवल्याशिवाय आराखडा गाइडपुढे नेऊ नका.

बॅग मी रोज वापरतो. बाबांनी किंमत विचारली, मी सगळी कथा सांगितली. ते हसले आणि म्हणाले, “तुले घ्याची गरज नोती, तरी फसला. आमाले त विकाचीच गरज असते बापा.”