‘स्वस्त’ हा शब्द महाग पडला

मंडळी, जाहिरातीवर खर्च किती केला, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, गिऱ्हाइकाला नेमकं सांगितलं काय? नॅनोचंच बघा. स्कूटरवरून जाणारं चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली. जानेवारी २००८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती लोकांसमोर आली आणि ‘एक लाखाची गाडी’ म्हणून जगभर गाजली. एवढी फुकट प्रसिद्धी कुणाच्या वाट्याला येते? पण तिच्यातून मनात उरला एकच शब्द : स्वस्त.

आता आपल्याकडे गाडी म्हणजे नुसतं वाहन नसतं हो. दारात आली की आपण हार घालतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. ‘सगळ्यांत स्वस्त घेतली’ म्हणून पेढे कोण वाटेल? मूळ गोष्ट कुटुंबाच्या सुरक्षिततेची होती. ती मागे पडली, किंमत पुढे आली. कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला, हेही खरंच. पण स्वस्तपणाचा शिक्का चुकला, हे पुढे खुद्द टाटांनीच मान्य केलं.

म्हणून म्हणतो, किंमत जरूर सांगा. पण घेणाऱ्याची मान ताठ राहील असं काहीतरी आधी सांगा.